गोळेवाला आणि खड्डेवाला

आमच्या फ्रीजरमध्ये श्रीखंडाचे दोन डबे असतात आणि त्यांत शेण असतं, हे आता गारखेड्यातल्या आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे. सुरुवातीला माहीत नव्हतं. तेव्हा बायकोच्या मावसभावानं एका दुपारी जेवण झाल्यावर हक्कानं फ्रीजर उघडला, डबा काढला, चमचाही घेतला. तो अजून येतो, जेवतोही, पण गोड काही समोर आलं की आधी विचारतो, "ताई, हे खायचंच आहे ना?"

शेण बायकोच्या अभ्यासाचं. ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिनं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. लग्नाआधी ती संशोधनच करणार होती. मार्गदर्शकही ठरले होते. मग आमचं लग्न झालं, मुलगी झाली, माझ्या बदल्या झाल्या आणि तो विषय घरात कुणी काढला नाही. मीही काढला नाही. हे मला वर्षानुवर्षं टोचत आलंय. मी मुळात टोचून घेणारा माणूस आहे. समोरच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या तरी माझ्यामुळेच तुंबल्या असं मला वाटतं.

म्हणून तिनं नाव नोंदवलं त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तेव्हा माझ्यामुळे तुझं राहून गेलं."

ती कणीक मळत होती. "तुमच्यामुळे नाही. मला तेव्हा नको वाटलं, मी सोडलं. आता हवंसं वाटतंय, तर करते. तुम्हाला काही करायचंच असेल तर रविवारी गाडी काढा. शेण आणायला जायचंय."

अशा रीतीनं माझे रविवार मार्गी लागले.

तिचा विषय म्हणजे दोन शेणकिड्यांची तुलना. दोघेही काळे, दोघांचंही पोट शेणावर, लांबून पाहिलं तर भाऊ-भाऊ वाटावेत. त्यांची शास्त्रीय नावं मला उच्चारता येत नाहीत, म्हणून घरात आम्ही एकाला गोळेवाला म्हणतो आणि दुसऱ्याला खड्डेवाला. गोळेवाला राहतो फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या उतारावर, जिथं दोन बोटं खाली गेलं की मुरूम लागतो. गाईनं शेण टाकलं की हा उडत येतो, त्यातला एक लचका तोडतो, थापून थापून त्याचा गोळा करतो आणि निघतो. निघतो तोही उलटा. डोकं जमिनीकडे, मागचे पाय गोळ्यावर, आणि ढकलत ढकलत जिकडं तोंड नाही तिकडं. चढ आला की गोळा घरंगळतो, त्याच्यासकट. तो उठतो आणि पुन्हा लावतो पाय. खड्डेवाला पैठण रस्त्याचा, कालव्याच्या कडेच्या काळ्या मातीतला. त्याला हा प्रवास मान्य नाही. तो शेणाच्या थेट खाली बीळ खणतो आणि वरचा माल खाली ओढतो. बसल्या जागी कोठार भरलं.

"डोंगरावर ऊन असतं, शेण लवकर वाळतं, त्यात गर्दी," बायको मला समजावून सांगायची. "तिथं आपला वाटा घेऊन पळावं लागतं. काळ्या मातीत ओल असते. मऊ असते. पळायचं कशाला?"

मला माझे दोन मामा आठवले. एकानं जे हाती लागलं ते गुंडाळून आयुष्यभर गावं बदलली, दुसरा कधी करमाडच्या पुढं गेला नाही. मी हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "हे प्रबंधात नाही घालता येणार."

तिला प्रश्न असा पडला होता की ही सवय किड्याची की मातीची? गोळेवाल्याला काळ्या मातीत सोडलं तर तो गोळा करणं सोडून खणायला लागेल का? आणि खड्डेवाल्याला मुरमावर आणून बसवलं तर तो काय करील? त्यासाठी आमच्या गॅलरीत माशांच्या जुन्या काचेच्या टाक्या आल्या. काही टाक्यांत काळी माती, काहींत मुरूम. काचेवर तिनं मार्करनं आडव्या रेघा मारल्या, किडा किती खोल जातो ते दिसावं म्हणून. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मातीत पावसाळाभर पाहून झालं. आता राहिली होती अदलाबदल.

तिची अट एकच. माती बदलली तरी दोघांचं जेवण एकाच गोठ्यातलं हवं. नाहीतर जो फरक दिसेल तो मातीचा की जेवणाचा, हे कोण ठरवणार? म्हणून सगळं शेण डोंगराखालच्या वस्तीवरच्या एका मावशींच्या गाईंचं यायचं. ते गोठवलं की त्यातल्या माशांच्या अळ्या मरतात. मग थोडं थोडं काढून, वितळू देऊन, किड्यांना वाढायचं. म्हणून ते श्रीखंडाचे डबे.

आणि वेळ थोडा होता. हे किडे पावसाळ्यात वर येतात आणि थंडी लागली की जमिनीत जातात, ते पुढच्या पावसापर्यंत. कॉलेजनं तिला फक्त याच वर्षी तास कमी करून दिले होते. पुढच्या वर्षी पूर्ण तास, शिवाय परीक्षांची कामं. अदलाबदल या हंगामात झाली नाही तर ती पुढं कधी होईल याची खात्री नव्हती. ती तसं बोलून दाखवायची नाही. पण गॅलरीत जाताना ती हल्ली चपलासुद्धा हळू काढायची.

यंदा दिवाळी लवकर आली. आमच्याकडं दिवाळीत दारापुढं शेणाच्या गवळणी मांडतात. मुठीएवढ्या बाहुल्या, डोक्यावर झेंडूची पाकळी, अंगाला हळदकुंकू, सोबत शेणाचंच छोटं गोकुळ. गावाकडं शेणाला तोटा नसतो. चौथ्या मजल्यावर असतो. बायको फराळ द्यायला माहेरी जालन्याला गेली होती आणि मी घरी आकाशकंदिलाची वायर सोडवत बसलो होतो, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आल्या.

"भाऊजी, एक मागू? नाही म्हणायचं नाही."

"मागा की."

"थोडं शेण देता का? सासूबाई सकाळपासून मागं लागल्यात. हे दोनदा खाली जाऊन आले, हात हलवत परत."

"फ्रीजरमधलं चालेल?"

"न चालायला काय झालं? गाईचंच आहे ना?"

"डोंगरातल्या गाईचं आहे," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"मग तर सोन्याहून पिवळं. इथल्या गाई काय, पिशव्या खातात."

मी डबा काढला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या दिसल्या, हातात वाटी. मग त्यांच्या शेजारच्या. मला नाही म्हणता येत नाही, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं. या इमारतीत माझी इतकी विचारपूस याआधी कधी झाली नव्हती. "साहेबांकडं आहे," असं कुणीतरी खालून ओरडून सांगितलं तेव्हा मी दुसराही डबा काढला. दोन्ही डबे रिकामे झाले. शेण काय, शेणासारखं शेण, दुसरं आणून ठेवू, इतका सोपा हिशेब मी केला.

संध्याकाळी बायको परतली. जिना चढताना तिनं प्रत्येक दारापुढच्या गवळणी पाहिल्या आणि आत येत म्हणाली, "यंदा सगळ्यांना शेण मिळालं वाटतं. छान झालं."

मी म्हणालो, "हो ना."

ते दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर फार बरं झालं असतं. पण ती दमली होती, चकल्या तळायच्या होत्या, आणि सकाळी मी डबे भरून ठेवणारच होतो.

सकाळी मी करमाडच्या बाजूच्या एका गोशाळेत गेलो. काय गोठा होता! फरशी धुतलेली, गाईंच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा, शिंगांना रंग. डोंगरातल्या त्या शेणात काडीकचरा, खडे, काय काय असायचं. हे एकजीव, मऊ, जणू चाळून घेतलेलं. मनात आलं, किड्यांचीही दिवाळी. डबे भरले, फ्रीजरमध्ये ठेवले. वरची चिकटपट्टीही तीच, बायकोच्या अक्षरातली: "डोंगर, मावशी."

भाऊबीज झाली आणि तिनं अदलाबदल सुरू केली. पहिल्या दिवशी गोळेवाल्यानं काळ्या मातीवर ठेवलेल्या शेणातून लचका तोडला. दुसऱ्या दिवशी त्याचा गोळा वेडावाकडा. तिसऱ्या दिवशी तो गोळा सोडून टाकीभर नुसता फिरत होता, एकाच बाजूला वळत वळत, लग्नात हरवलेल्या पाहुण्यासारखा. एक किडा उताणा पडला तो त्याला सरळच होता येईना. बायकोनं टाकी उन्हातून सावलीत नेली. सावलीतून उन्हात आणली. मातीत पाणी शिंपडलं. स्टुलावर बसून हनुवटी हातावर ठेवून ती तासन्‌तास पाहत राहायची.

"थंडी असेल का हो?" ती म्हणायची. "का मातीच नको झालीय त्याला? तसं असेल तर तेच उत्तर म्हणायचं. पण असं उत्तर पटत नाहीये. माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिला चहा नेऊन द्यायचो.

मला तेव्हाही शेणाची शंका आली नव्हती, असं म्हणता येईल. पण ते पूर्ण खरं नाही. आली होती. मी ती बाजूला ढकलली, कारण एवढ्या स्वच्छ गोठ्यातल्या शेणानं वाईट काय होणार? आणि "माझंच काहीतरी चुकतंय" हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ते माझं वाक्य आहे. ती ते बोलली आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला तुला काही सांगायचंय," मी म्हणालो. आणि सुरुवात केली ती लग्नापासून. मी तिच्या अभ्यासाकडं कधी नीट लक्ष दिलं नाही, बदल्यांच्या वेळी तिला विचारलं नाही, मुलीच्या शाळेच्या वेळी…

"अहो, हे मला माहितीये. मी तिथंच होते. मुद्द्याचं काय आहे?"

"डब्यातलं शेण मावशींचं नाही."

ती स्टुलावरून उठली. मी गवळणी सांगितल्या, वहिनी सांगितल्या, जिन्यातल्या आजी सांगितल्या. ती मध्येच म्हणाली, "कुठल्या गोठ्यातलं आणलंत, तेवढं सांगा."

मी सांगितलं.

"फोन लावा."

गोशाळेतल्या माणसानं मला ओळखलं. "दोन डबे नेले होते ना तुम्ही? मग, पूजा झाली का चांगली?"

"झाली. एक विचारायचं होतं. गाईंना काही औषध वगैरे दिलं होतं का?"

"दिलं की! पाऊस सरला की सगळ्यांना जंताचं इंजेक्शन देतो आम्ही. तुम्ही यायच्या आदल्याच आठवड्यात झालं. काळजी करू नका, आपल्या गाईंच्या पोटात एक जंत सापडायचा नाही."

बायकोला फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. ती खाली वाकून त्या उताण्या किड्याला काडीनं सरळ करत होती. "औषध शेणातून बाहेर पडतं," ती म्हणाली. "कितीतरी दिवस. जंताला मारतं ते यांनाही झिंगवतं." मग काडी खाली ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेण वाटलंत त्याचं मला काही नाही. सणाला कुणाला नाही कसं म्हणणार? पण मी इथं बसून थंडी शोधत होते आणि तुम्ही मला चहा आणून देत होता."

  मी म्हणालो, "माझं चुकलंच. मी तेव्हाही तुला—"

"तेव्हाचं राहू द्या. कोण कोण जिवंत आहे ते बघू या आधी."

खड्डेवाले वाचले होते. ते अजून वेगळ्या टबात, दिवाळीआधी वाढलेल्या शेणावर होते, नवं जेवण त्यांना वाढलंच नव्हतं. गोळेवाले मात्र जवळजवळ सगळे गेले. म्हणजे पुन्हा डोंगर गाठायचा, शेणासाठीही आणि किड्यांसाठीही. आणि डोंगरावरचे किडे अजून वर असतील याची कुणी हमी द्यायची? सकाळी नळाचं पाणी हाताला गार लागायला लागलं होतं.

रविवारची वाट पाहिली नाही. मी ऑफिसात रजा टाकली. कारणाच्या रकान्यापुढं जरा थांबलो आणि "घरगुती" असं लिहिलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा मावशी उंबराखाली बसून शेंगा फोडत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आलात का? मला वाटलं, दिवाळीत शेणाची याद नाय राहत शहरात."

"मावशी, किडे आहेत का हो अजून?" बायकोनं विचारलं.

"आता कुठले, बाई? लई उशीर केला. सकाळचं तर दिसतबी नाय एक. दुपारच्याला ऊन तापलं तर आला एखादा."

"आधीचं शेण होतं ते यांनी वाटून टाकलं."

"वाटलं? शेण?"

"गवळणींना. आमच्या इमारतीत."

मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच क्षमा मागायला सुरुवात केली. त्यांनी दिलेली वस्तू मी परस्पर दुसऱ्यांना दिली, ते योग्य नव्हतं, वगैरे.

"आरं, मग चांगलंच केलं की दादा," त्या म्हणाल्या. "माझ्या गाईंच्या गवळणी शहरात मांडल्या, अन्‌ मला बघायला नाय बोलावलं? ती चूक हाय तुमची. बाकी काय नाय."

बायको हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"तुमच्या गाईंना इतक्यात सुई दिली होती का?" तिनं विचारलं.

"पावसाच्या आधी आले व्हते डॉक्टर. तवापासून कोण नाय आलं. का? गाई बऱ्या हायेत माझ्या."

"बऱ्याच आहेत. म्हणूनच आलो."

गाई उतारावर चरत होत्या. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. शेणकिड्यांच्या अभ्यासात गाईमागं उभं राहून वाट पाहणं हा मोठा भाग असतो, आणि त्यात मी आता तयार झालोय. एका गाईनं कृपा केली. आम्ही थोडं दूर बसलो. ऊन चढत होतं, माशा आल्या, एक साळुंकी आली, किडा आला नाही. दुसरी गाय. तिथंही नाही. बायकोनं घड्याळाकडं पाहायचं सोडून दिलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलावं, तिला धीर द्यावा, निदान हे सगळं माझ्यामुळं झालं एवढं तरी पुन्हा एकदा नीट सांगावं.

"बघ, मी जर त्या दिवशी—"

"शूऽऽ," ती म्हणाली.

डोक्यावरून घरघर ऐकू आली, लहान मुलाच्या चावीच्या खेळण्यासारखी. तो शेणाच्या अलीकडंच आदळला, उठला, पंख नीट मिटले आणि चालत गेला. मग दुसरा. मग एकदम एक जोडी. आमच्यासमोर त्यानं लचका तोडला, कडा थापल्या, गोल गोल फिरत गोळा केला आणि डोकं खाली घालून उलटा चालायला लागला. दगड आला. गोळा अडला. तो गोळ्यावर चढला, इकडंतिकडं पाहिल्यासारखं केलं, उतरला आणि दुसऱ्या बाजूनं ढकलू लागला. बायको त्याच्या बरोबर गुडघ्यांवर सरकत होती. साडीच्या निऱ्यांना मुरूम लागला होता. मी छत्री घेऊन मागं.

"सावली हलवू नका," ती म्हणाली.

मी हलवली नाही. माझी मानसुद्धा हलवली नाही.

परत निघताना डब्यात मोजकेच गोळेवाले होते आणि पिशवीत मावशींच्या गाईंचं शेण. "आकडा लहान आहे," बायको गाडीत म्हणाली. "मार्गदर्शक कुरकुर करतील. पण तुलना तर होईल." जरा वेळानं म्हणाली, "गाडी बाजूला घ्या, ती पिशवी सरळ ठेवा, गळतेय."

आता गॅलरीत पुन्हा टाक्या मांडल्या आहेत. खड्डेवाल्याला मुरमावर सोडलं तर तो शेणाखाली शिरला, खरवडलं, डोकं आपटलं, बाहेर आला, पुन्हा शिरला. शेवटी त्यानं एका दगडाच्या कडेला उथळ कोनाडा केला आणि त्यात माल कोंबला. गोळा मात्र त्यानं केला नाही. ती त्याची रीतच नाही.

गोळेवाल्याला काळ्या मातीवर ठेवलं त्या सकाळी आम्ही दोघं स्टुलं टाकून बसलो. त्यानं पायाखालची मऊ माती चाचपली आणि तरीही गोळाच केला. टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं नेला, काचेला लागला, काचेच्या कडेकडेनं नेला. कशाला पळतोय, कोण मागं लागलंय, कुणास ठाऊक. मग कोपऱ्यात थांबला आणि गोळ्याखालची माती उकरू लागला. डोंगरावर हा बोटाच्या पेरापर्यंत जातो, मुरूम लागला की थांबतो. इथं गोळा हळूहळू बुडायला लागला.

बायको वरून पाहत होती. काचेच्या बाजूनं वाकायला तिचा डोंगरावर दुखावलेला गुडघा साथ देत नव्हता, म्हणून मी खाली फरशीवर बसलो.

"कुठवर आलाय?"

"दुसऱ्या रेघेला," मी म्हणालो. "अगं, मला सारखं वाटतं की त्या दिवशी तू गवळणींचं म्हणालीस तेव्हाच जर मी—"

"अहो, कुठवर आलाय?"

मी काचेला नाक लावलं. "तिसऱ्या. थांबला. नाही, निघाला."

"आता?"

"चौथी ओलांडली. आता नुसती गोळ्याची कड दिसतेय. आता तीही नाही. खाली रेघा संपल्या."

ती कशी तरी, गुडघा धरत, माझ्या शेजारी खाली बसली आणि काच पाहू लागली. एवढ्या खोल तो जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं. तिनं वहीत काही लिहिलं, मग कानामागचा मार्कर काढून माझ्या हातात दिला.

"मारा अजून दोन-तीन," ती म्हणाली. "सरळ मारा."